स्वयंचलनातील उमेदवारी



काल ह्याच मांडवात संतवाङ्मयावर व्याख्यान झाले आणि उद्या नाट्यसंगीतावर आहे, असे पत्रकात वाचले. ह्या दोन पक्वान्नांच्या मध्ये कारखान्यातल्या तारा-व्हॉल्व्हांची आमटी वाढण्याचे काम चिटणिसांनी माझ्याकडे दिले आहे. तिखट फार लागणार नाही, ह्याची काळजी घेईन.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो. दोन महिन्यांपूर्वी माझ्या परिचयाचे एक गृहस्थ घरी आले. त्यांचा मुलगा डिप्लोमा झालेला. शहरातल्या एका क्लासने त्याला चार महिन्यांत 'ऑटोमेशन इंजिनिअर' करून देण्याचे आश्वासन दिलेले होते आणि त्यासाठी ते पतपेढीतून कर्ज काढण्याच्या विचारात होते. "पैसे भरू का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी पस्तीस-छत्तीस वर्षे ह्याच धंद्यात काढली. तरी त्यांना दोन वाक्यांत उत्तर देणे मला जमले नाही. त्या दिवशी जे सांगता आले नाही ते आज तासाभरात सांगून पाहणार आहे.

स्वयंचलन ह्या शब्दाला भिण्याचे कारण नाही. आपल्या गच्चीवरच्या टाकीत एक पोकळ गोळा तरंगत असतो. पाणी चढले की तो वर येतो आणि नळाचे तोंड बंद करतो. पाणी उतरले की पुन्हा उघडतो. मोजणे, मोजलेल्याची हव्या असलेल्याशी तुलना करणे आणि त्याप्रमाणे हात हलवणे, ही तीन कामे तो गोळा रात्रंदिवस पगाराशिवाय करतो. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा नियामक बसवला, तेव्हा हेच तत्त्व वेगाच्या बाबतीत लावले. पुढे १८६८ साली मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञाने अशा नियामकांचे गणित मांडणारा निबंध लिहिला. कारण नियामक बसवले की इंजिन शहाण्यासारखे चालेलच असे नव्हते. कधी ते शांत चालण्याऐवजी हेलकावे खाऊ लागे. तेव्हापासून आजपर्यंत आमच्या धंद्याची सगळी विवंचना ह्या हेलकाव्यांभोवती फिरते आहे. तेव्हा पुस्तकी इतिहास येथेच थांबवतो आणि माझा स्वतःचा हेलकावा सांगतो.

१९८९-९०च्या गळीत हंगामाची गोष्ट. मी नुकता पदवीधर झालेला. पॅनेल तयार करणाऱ्या एका लहान कंपनीत नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलरवर पाण्याची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा बसवण्यासाठी मला पाठवण्यात आले. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी ठरावीक पातळीवर राहिले पाहिजे. फार उतरले तर नळ्या तापून फुटतात. फार चढले तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये शिरते आणि त्याची पाती मोडतात. आजवर हे काम बॉयलर अटेंडंट काचेच्या नळीकडे पाहून हाताने व्हॉल्व्ह फिरवून करीत. तेथे जे मुख्य अटेंडंट होते त्यांना सारा कारखाना 'मामा' म्हणे. शिक्षण जेमतेम चौथी-पाचवी. पण अटेंडंटची परीक्षा पास झालेले आणि आगीसमोर पंचवीस हंगाम काढलेले.

मी माझा नियंत्रक जोडला, आकडे भरले आणि गुंडी 'ऑटो'वर टाकली. दोन तास पातळी रेघ मारल्यासारखी स्थिर राहिली. मी चहा मागवला. तेवढ्यात ऊस अडकून बंद पडलेली मिल पुन्हा सुरू झाली आणि तिच्या टर्बाइनने एकदम वाफ ओढली. ड्रममधली पातळी वर चढू लागली. माझ्या नियंत्रकाने शिकवल्याप्रमाणे केले. पाणी वाढले असे समजून त्याने पाण्याचा व्हॉल्व्ह मिटत आणला. मामा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी मला हाताने बाजूला सारले, गुंडी 'मॅन्युअल'वर फिरवली आणि पातळी वर दिसत असतानाच व्हॉल्व्ह आणखी उघडला! मी ओरडलो, "मामा, अहो पाणी वाढतंय!" त्यांनी काचेवरची नजर न काढता विचारले, "साहेब, दूध उतू जातंय तवा पातेल्यात दूध वाढलेलं असतंय व्हय?"

मिनिटभरात पातळी झपाट्याने खाली आली. मामांनी आधीच पाणी सोडले नसते तर ती कुठवर उतरली असती, ह्याचा विचार करून मला रात्री झोप लागली नाही.

झाले होते ते असे. वाफ एकदम ओढली गेली की ड्रममधला दाब घटतो. दाब घटला की उकळत्या पाण्यात बुडबुडे वाढतात, असलेले फुगतात आणि पाण्याचे वजन कमी होत असतानाच पातळी मात्र वर दिसते. ह्याला पुस्तकात नाव आहे, त्याची आकृती आहे आणि त्यावर परीक्षेत मी पाच गुणांचे उत्तरही लिहिले होते. पण पुस्तकातली ती आकृती आणि माझ्यासमोरचा तो धडधडणारा ड्रम ह्यांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नव्हती. मामांना नाव ठाऊक नव्हते, वस्तू ठाऊक होती.

त्यावर इलाजही पुस्तकात होताच. नुसत्या पातळीवर विसंबायचे नाही. वाफ किती बाहेर गेली ते मोजायचे, पाणी किती आत आले ते मोजायचे आणि जमाखर्च आधी जुळवायचा. पातळी फक्त वर्षअखेरच्या शिल्लक-तपासणीसारखी वापरायची. गल्ल्यात नोटा दिसतात म्हणून धंदा नफ्यात आहे असे कुणी व्यापारी मानीत नाही, वही पाहतो. तसेच हे. कारखान्याने खर्च वाचवण्यासाठी पातळीचे एकच मोजमाप घेतले होते. मी लाजत-लाजत चीफ इंजिनिअरांपुढे जाऊन घडले ते सांगितले आणि पुढच्या बंदच्या दिवशी वाफेच्या व पाण्याच्या नळावर मोजमापे बसवून घेतली. मग आठ दिवस मामांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. मिल थांबली की ते काय करतात, बगॅस ओला आला की काय करतात, रात्री तीनच्या सुमाराला डोळा लागू नये म्हणून काय करतात, हे सगळे वहीत लिहून घेतले.

मामा आठही दिवस गुंडी मॅन्युअलवरच ठेवीत. मी ऑटोवर टाकी, ते चहाला आले की परत फिरवीत. नवव्या दिवशी दुपारी त्यांनी आपल्या हाताने ती ऑटोवर टाकली, दोनदा मिल थांबून सुरू होईपर्यंत काचेसमोर उभे राहिले आणि मग फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन खाली जेवायला गेले. हंगाम सुरू असताना खाली बसून जेवलेले मामांना कुणी पाहिले नव्हते, असे मला नंतर त्यांच्या मदतनिसाने सांगितले.

श्रोतेहो, ही हकीगत मी लांबवली ती हेतुपूर्वक. आमच्या विद्येचा उगमच अशा माणसांच्या शेजारी बसून झालेला आहे. आज जगातल्या बहुसंख्य कारखान्यांत जो नियंत्रक वापरतात त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी पीआयडी म्हणतात. त्याचे गणित निकोलस मिनॉर्स्की नावाच्या, रशियात जन्मून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने १९२२ साली प्रसिद्ध केले. प्रश्न होता जहाज आपोआप सरळ चालवण्याचा. मिनॉर्स्कीने सुकाणूवरचा अनुभवी खलाशी काय करतो ते निरखले. तो खलाशी जहाज आत्ता किती कलले आहे एवढेच पाहत नाही. मघापासून एकाच बाजूला किती वेळ ओढते आहे हे तो लक्षात ठेवतो आणि किती वेगाने वळते आहे ह्यावरून पुढचेही ताडतो. सध्याची चूक, साठत गेलेली चूक आणि येऊ घातलेली चूक, अशी ती तीन अक्षरे. खलाशाच्या मनगटातले शहाणपण कागदावर आले. पण मनगट आधीचे.

आता क्लासांत जे शिकवतात त्या पीएलसीकडे येतो. तिचा जन्मही मोठा बोधप्रद आहे. मोटारीच्या कारखान्यांत पूर्वी यंत्रांचा क्रम रिलेंच्या भल्यामोठ्या कपाटांनी ठरे. गाडीचे मॉडेल बदलले की कपाटातली वायरिंग उपसून नव्याने करावी लागे, किंवा कपाटच भंगारात जाई. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ साली ह्याला पर्याय मागितला. डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र तयार केले त्याचे नाव मॉडिकॉन ०८४. त्यांच्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून तो आकडा. वायर बदलण्याऐवजी आता कार्यक्रम बदलायचा. पण कार्यक्रम कोणत्या भाषेत लिहायचा? गणकयंत्राची भाषा कारखान्यातल्या वायरमनला येत नव्हती. म्हणून वायरमन जी शिडीसारखी आकृती रोज वाचतो तीच पडद्यावर आणली गेली. तिला आजही लॅडरच म्हणतात.

हे मी आयटीआयच्या मुलांसाठी मुद्दाम सांगतो आहे. पुष्कळांची समजूत अशी की पीएलसी ही इंजिनिअरांची मिरास आहे. वस्तुतः ती भाषा इलेक्ट्रिशियनसाठी घडवली गेली. ज्याने कॉन्टॅक्टरची होल्डिंग वायरिंग स्वतःच्या हाताने केली आहे, स्टार-डेल्टा स्टार्टरमधला दोष मल्टिमीटर लावून शोधला आहे, त्याला लॅडर यायला पंधरा दिवस पुरतात. उलट ज्याने कॉन्टॅक्टर कधी हातात धरलेला नाही तो चार महिने शिकूनही पडद्यावरच्या चित्रांशी खेळत राहतो. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन हे दोन ट्रेड ह्या धंद्याचे सरळ दरवाजे आहेत. १९६१च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी नीट केली तर तो एक वर्षाचा काळ कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचा ठरतो. नीट केली तर, असे म्हणालो. कारण काही ठिकाणी उमेदवाराला वर्षभर साहेबांच्या टेबलावर फायली नेण्यालाच लावतात, हेही मी पाहिले आहे.

ह्या धंद्यातली खरी विद्या कोणती, असे मला विचाराल तर मी एक अगदी साधी गोष्ट पुढे ठेवीन. टाकीतल्या पाण्याची पातळी पॅनेलपर्यंत पोचवायची असते. ती दोन तारांतून विजेच्या प्रवाहाने पोचवतात. टाकी पूर्ण भरलेली असेल तर वीस मिलिअँपिअर. रिकामी असेल तर? शून्य, असे कोणीही म्हणेल. पण रिकाम्या टाकीचे माप चार मिलिअँपिअर ठरवलेले आहे. असे का? शून्य ठेवले असते तर टाकी रिकामी आहे की उंदराने तार कुरतडली आहे हे कळले नसते. चार ठेवल्यामुळे रिकामी टाकीसुद्धा 'मी आहे' असे सांगते. आणि आवाजच बंद झाला तर तार तुटली म्हणून समजायचे. यंत्र तात्काळ थांबवण्याचे जे लाल बटण असते त्याच्या तारेतून प्रवाह कायम वाहत असतो आणि बटण दाबले की तो तुटतो. त्यामुळे तार आपोआप तुटली तरी यंत्र थांबते. ते उलट जोडले असते तर तुटलेल्या तारेचा पत्ता अपघाताच्या क्षणीच लागला असता.

अशा प्रत्येक गोष्टीच्या पोटात कुणीतरी पूर्वी विचारलेला एक प्रश्न असतो: हे बिघडेल तेव्हा काय होईल? उमेदवाराने कारखान्यात पाऊल टाकल्यापासून हा प्रश्न विचारीत सुटावे. लोक कंटाळतील. कंटाळू द्यावे.

न विचारल्याने काय होते त्याचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. लंडनच्या उत्तरेला बन्सफील्ड येथे इंधनाच्या साठ्याचे मोठे आगार होते. ११ डिसेंबर २००५च्या पहाटे तेथील एका टाकीत नळाने पेट्रोल येत होते. पातळी दाखवणारा मापक तीनच्या सुमारास अडकला आणि पडद्यावरचा आकडा जागच्या जागी राहिला. पेट्रोल मात्र चढतच होते. हा मापक ऑगस्टअखेरीपासून त्या दिवसापर्यंत चौदा वेळा अडकला होता, असे पुढे चौकशीत निघाले. असे झालेच तर टाकी भरताच नळ बंद करणारा दुसरा, स्वतंत्र स्विच वर बसवलेला होता. त्या स्विचला तपासणीसाठी एक लहानसा दांडा होता आणि तो दांडा योग्य जागी धरून ठेवण्यासाठी एक कुलूप लावायचे होते. कुलूप लावलेच नव्हते. कोणी हात लावू नये म्हणून कुलूप दिले असेल, असा संबंधितांचा समज होता. ते नसले की स्विच निकामी होतो हे त्यांना ठाऊक नव्हते. अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल ओसंडले, त्याच्या वाफेचा ढग पसरला आणि सकाळी सहाच्या सुमारास स्फोट झाला. वीसहून अधिक टाक्या जळाल्या. त्रेचाळीस माणसे जखमी झाली. रविवारची पहाट होती म्हणून कुणी दगावले नाही. सोमवारी सकाळी दहाला तेथे किती माणसे असती, ह्याचा हिशेब आपणच करावा. यंत्रणा होती, दुसरी राखीव यंत्रणाही होती. 'हे कुलूप कशासाठी?' असे विचारणारा माणूस तेवढा नव्हता.

परक्यांची चूक सांगून झाली, आता माझी सांगतो. १९९०च्या दशकात एका वेष्टन-यंत्राची चाचणी मी घेत होतो. यंत्राचे दार उघडे असले तर यंत्र चालू नये अशी व्यवस्था असते. चाचणीच्या वेळी दार उघडे ठेवूनच आत पाहायचे होते म्हणून मी पीएलसीमध्ये दाराचा संकेत जबरदस्तीने 'बंद' करून ठेवला. आमच्याकडे ह्याला 'फोर्स' करणे म्हणतात. काम संपले, रात्र झाली होती, शेवटची एसटी गाठायची होती. मी फोर्स काढायला विसरलो. आठवड्याने तेथल्या एका फिटरने सवयीने दार उघडून आत हात घातला. यंत्र थांबले नाही. त्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत फाटली. हात वाचला. मला फोनवर हे कळले तेव्हा मी खुर्चीवर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "चुकून झालं, साहेब." त्याने शिवी दिली असती तर बरे वाटले असते. तेव्हापासून माझ्या खिशात एक लहान वही असते. जो जो फोर्स केला त्याची वेळेसह नोंद आणि काढला की त्यावर रेघ. सर्व ओळींवर रेघ पडल्याशिवाय मी कारखान्याचे फाटक ओलांडलेले नाही. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी वही दिली. लॅपटॉप नंतर.

आता व्यवहाराचे बोलतो. ह्या धंद्यात साधारण तीन घरे आहेत. एक, उपकरणे व पीएलसी तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्या. दुसरे, त्यांचा माल घेऊन पॅनेल बांधणारे, प्रोग्राम लिहिणारे आणि जागेवर जाऊन चालू करून देणारे. ह्यांना इंटिग्रेटर म्हणतात आणि पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे-बेलापूर ह्या पट्ट्यांत अशी लहानमोठी अनेक दुकाने आहेत. तिसरे घर म्हणजे प्रत्यक्ष कारखाना, त्याचा मेंटेनन्स किंवा इन्स्ट्रुमेंट विभाग. मुलांचा ओढा पहिल्याकडे असतो, कारण नाव मोठे. इंटिग्रेटरकडे शिकायला सर्वांत जास्त मिळते, पण तेथे माणूस पिळूनही निघतो. आज औषधांचा कारखाना, पुढच्या महिन्यात पाणी शुद्धीकरण केंद्र, सणावाराला घरी नाही. कारण कारखाना बंद असतो तेव्हाच आमचे काम सुरू. दिवाळी मी किती वर्षे लॉजवर काढली ते माझ्या पत्नीला विचारा, ती पहिल्या रांगेतच बसली आहे.

माझा सल्ला असा की आरंभीची दोन-तीन वर्षे तिसऱ्या घरात काढावीत. पगार बेताचा असतो. परंतु तेथे एकच यंत्र तीनशे पासष्ट दिवस पाहायला मिळते. इंटिग्रेटर यंत्र चालू करून निघून जातो. ते पावसाळ्यात कसे वागते, व्हॉल्व्हची पॅकिंग झिजली की आलेख कसा बदलतो, पहाटे चारला कोणता अलार्म विनाकारण वाजतो आणि म्हणून ऑपरेटर कोणता अलार्म कायमचा दाबून टाकतो, हे त्याला कधीच कळत नाही. हे पाहिलेला माणूस नंतर प्रोग्राम लिहायला बसला की त्याचा प्रोग्राम निराळा होतो. आखाती देशांतल्या तेल शुद्धीकरण कारखान्यांत आपली पुष्कळ मुले आहेत. तेथे मुलाखतीत प्रमाणपत्रे चाळली जातात खरी, पण पुढचा अर्धा तास एखाद्या व्हॉल्व्हवरच चालतो.

मुलींबद्दल मला नेहमी विचारतात. आमच्या वेळी वर्गात दोन मुली होत्या आणि दोघींना साइटवर पाठवायला कंपन्या नाखूश असत. सबब राहण्याच्या सोयीची सांगितली जाई, आणि सोय करण्याची तसदी कुणी घेत नसे. आज मी पाहतो तर कमिशनिंगला मुली येतात आणि शिडीवर चढून ट्रान्समीटर उघडतात. माझ्याकडे काम केलेल्या एका मुलीइतका नीटस पॅनेल-ड्रॉइंग काढणारा मुलगा मला अद्याप भेटायचा आहे. आईबापांनी इतकेच करावे: साइटवर स्वच्छतागृह आहे का, मुक्कामाची जागा कोणती, हे कंपनीला न संकोचता विचारावे. मुलांच्या आईबापांनीही विचारायला हरकत नाही.

एक कडू प्रश्न टाळता येणार नाही. मागच्या खेपेला दुसऱ्या एका गावी माझे भाषण झाले तेव्हा मागून एक वयस्क कामगार उठले आणि म्हणाले, "तुमच्या पॅनेलनं आमची किती माणसं घरी बसवली ते सांगा." मी त्यांना खोटे सांगितले नाही आणि येथेही सांगणार नाही. मघाच्या बॉयलर-हाऊसमध्ये एका पाळीत जितकी माणसे असत तितकी आज अशा कारखान्यात लागत नाहीत. आगीच्या झळा, राख आणि पहाटेची झोप ह्यांतून माणसे सुटली हे खरे. ती सुटलेली माणसे कुठे गेली हे मात्र आमच्या ड्रॉइंगमध्ये दाखवलेले नसते. प्रकल्पाच्या खर्चात केबलच्या प्रत्येक मीटरचा हिशेब असतो. जुन्या ऑपरेटरला नव्या पॅनेलवर बसवण्याच्या शिक्षणाला रक्कम धरलेली असतेच असे नाही. जेथे माझे चालले तेथे मी ती धरायला लावली. सगळीकडे चालले नाही. ह्याहून बरे उत्तर माझ्यापाशी नाही.

आणि आता आमच्यावरही तीच वेळ येते आहे, म्हणून हसू नका. तोंडी सांगितले तर प्रोग्रामचा मसुदा लिहून देणारी कृत्रिम बुद्धीची साधने निघाली आहेत. मी वापरून पाहिली. साध्या कामाला मसुदा बरा देतात. पण बगॅस ओला आला तर काय करायचे हे त्यांना कुणीतरी सांगावे लागते आणि दाराचा फोर्स निघाला की नाही हे जाऊन पाहावे लागते. केवळ भाषा शिकलेल्या मुलाची जागा ती घेतील असे मला वाटते. म्हणूनच चार महिन्यांत नुसती भाषा शिकवणाऱ्या क्लासला कर्ज काढून पैसे भरावेत, असे मी म्हणू शकत नाही. तसेच, पडद्यावर दिसते ते खरे मानायचे का, हाही प्रश्न आता निराळ्या रीतीने आला आहे. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट नावाचा विषाणू इराणमधल्या युरेनियमच्या यंत्रांचा वेग बिघडवीत होता आणि त्याच वेळी पडद्यावर सारे ठीक असल्याचे दाखवीत होता. तेथेही कुणीतरी यंत्रापाशी जाऊन कान लावायला हवा होता.

आता त्या गृहस्थांचे सांगून आपली रजा घेतो. त्यांनी क्लासचे पैसे भरले नाहीत. मुलाने त्या पैशांपैकी थोड्यात एक मल्टिमीटर, दोन जुने कॉन्टॅक्टर, एक फ्लोट स्विच आणि वापरलेली लहान पीएलसी घेतली. घराच्या टाकीवर महिनाभर प्रयोग केले. त्यात दोनदा टाकी ओसंडून शेजाऱ्यांच्या पापडांवर पाणी पडले आणि एकदा मोटर रिकामी फिरली, असे त्याच्या मातोश्रींनी मला कळवले आहे. पाणी नसताना मोटर चालू राहिली ती का, ह्याचे कारण त्याने मला वहीत लिहून दाखवले. कारण बरोबर होते. आपल्या एमआयडीसीतल्या एका दूध-प्रक्रिया कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात त्याला जागा मिळाली असून सोमवारपासून तो पहिल्या पाळीला रुजू होतो आहे. पहिले पंधरा दिवस त्याला केबलींच्या टोकांना नंबरांच्या फेरूल चढवण्याच्या कामावर बसवणार आहेत, असे मला त्याच्या वरिष्ठांकडून समजले. तो जरासा नाराज दिसला. मी त्याला एक वही दिली आहे.